ॲम्लोडिपिनची सूज लघवीच्या गोळीने का उतरत नाही

आईला बीपीची गोळी ॲम्लोडिपिन 10 मिलिग्रॅम सुरू आहे, संध्याकाळी घोटे सुजतात, शेजारच्या काकांची सूज डायटॉर या लघवीच्या गोळीने उतरली, मग आईला लॅसिक्स द्यावी की डायटॉर, हा तुमचा प्रश्न. माझं मत: आधी ॲम्लोडिपिनकडे बघा. ती बारीक धमन्या रुंद करते, शिरा तेवढ्या मोकळ्या होत नाहीत. मग मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं आणि दिवसभर उभं राहिल्यावर घोट्यात उतरतं. अंगात पाणी जास्त झालेलंच नसतं, तर लघवीतून काढणार काय? 5 वर ही सूज कमी दिसते, 10 वर बरीच. डॉक्टर डोस कमी करतात, जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी देतात किंवा ॲम्लोडिपिनच्याच जातीच्या सिल्निडिपिनवर नेतात. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नका.

आडवं झाल्यावर दम लागणं, लघवीला फेस, दोन-तीन दिवसांत 2 किलो वजन वाढणं, यातलं काही असेल तर आजच दाखवा. एकच पाय सुजून दुखत असेल तर लगेच.

आता लघवीच्या गोळ्या. लॅसिक्स, म्हणजे फ्युरोसेमाइड, तासाभरात सुरू होते आणि सहा तासांत ओसरते. पोटातून किती शोषली जाईल याचा भरवसा नाही. डायटॉर, म्हणजे टॉरसेमाइड, 80 टक्क्यांच्या वर शोषली जाते; तिची 20 साधारण लॅसिक्सच्या 40 एवढी, म्हणून मिलिग्रॅमला मिलिग्रॅम बदलायची नाही. दोन्ही मुख्यतः सुजेच्या. नुसत्या बीपीला क्लोरथॅलिडोन 12.5 ही लघवीचीच गोळी जास्त कामाची, एका गोळीचा असर चोवीस तासांच्याही पुढे जातो. पण तिने सोडियम-पोटॅशियम उतरतं, युरिक ॲसिड चढतं. ती घेणारं वयस्कर माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं तर सोडियम तपासायलाच हवं. स्पायरोनोलॅक्टोन या आणखी एका लघवीच्या गोळीचं उलट, ती पोटॅशियम वाढवते. सोबत टेल्मिसार्टन असेल तर 'लो सोडियम' मीठ घरात नको, त्यात पोटॅशियमच असतं.

यातली कुठलीही सुरू करण्याआधी आणि नंतर एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), सोडियम, पोटॅशियम करून घ्या. गोळी सकाळी, रात्री दिली की झोपेचं खोबरं.

आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, घामानेच पाणी निघून जातं. त्यात जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा, लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन थांबवायची का. आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवाल्याकडून डायक्लोफिनॅक आणू नका. लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन या दोघींच्या जोडीला ती आली की किडनी बसू शकते.