वाहन-विचारणा : ट्रान्समिशन कंट्रोल युनिट खरोखरच गेले आहे का?

प्रश्न : माझ्याकडे सात वर्षे वापरलेली एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) प्रकारची पेट्रोल गाडी आहे. जुलैमधल्या एका मुसळधार पावसात अंधेरी सबवे बंद असल्याने मी आतल्या रस्त्याने वळलो. तिथे जवळजवळ अर्धे चाक बुडेल इतके पाणी होते, पण गाडी न थांबता बाहेर आली. चार दिवसांनी सकाळी मात्र मीटरवर गिअरचा दिवा लागला आणि लिव्हर ‘डी’वर नेला तरी पडद्यावर ‘एन’च लुकलुकत राहिला. तेव्हापासून गाडी कधी मुकाट चालते, तर कधी जागची हलत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावल्यावर ‘यू ०१०१’ हा कोड आला आणि ट्रान्समिशन कंट्रोल युनिट बदलावे लागेल, असे सांगण्यात आले. कुर्ल्यात सीएसटी रोडवरच्या एका दुकानदाराने तेच युनिट वापरलेले, पण निम्म्याहून कमी किमतीत देऊ केले आहे. ते घ्यावे का?
– एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : आपल्या पत्रातल्या दोन गोष्टी मला सर्व्हिस सेंटरच्या निदानापेक्षा जास्त बोलक्या वाटल्या. पहिली ही की, गाडी पाण्यातून निघाल्याबरोबर बिघडली नाही, चार दिवसांनी बिघडली. दुसरी ही की, बिघाड येतो आणि जातो. म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो : खाली दिलेल्या तपासण्या होईपर्यंत कुर्ल्याचे जुने युनिट घेऊ नका आणि सर्व्हिस सेंटरचे नवेही घेऊ नका.

‘यू ०१०१’ या कोडचा अर्थ ‘युनिट खराब आहे’ असा नाही. गाडीतली निरनिराळी कंट्रोल युनिटे ‘कॅन’ नावाच्या दोन पीळदार वायरींवरून एकमेकांशी सतत बोलत असतात, आणि ट्रान्समिशनच्या युनिटाकडून ठरलेल्या वेळात निरोप आला नाही की इंजिनाचे किंवा दुसरे एखादे युनिट हा कोड नोंदवून ठेवते. शाळेच्या हजेरीपटावर मुलगा गैरहजर लागतो. तो आजारी आहे की लोकल बंद पडली आहे, हे हजेरीपट सांगत नाही. ज्याची गैरहजेरी लागली त्यालाच दोषी धरून नवा भाग बसवण्याची घाई आमच्या धंद्यात फार बोकाळली आहे, हे मला खेदाने म्हणावे लागते.

आता ते चार दिवस. एएमटी म्हणजे आपला नेहमीचा हाताने बदलायचा गिअरबॉक्सच असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम चालकाच्या हातापायांऐवजी एक यंत्रणा करते आणि तिला हुकूम सोडते ते हे युनिट. भारतात २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओपासून ही पद्धत सर्वसामान्यांच्या गाड्यांत आली. युनिट बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली बॅटरीच्या आसपास, तर काहींत डॅशबोर्डखाली असते. त्याचा डबा सहसा पक्का सीलबंद असतो, पण त्याला जोडणारा कनेक्टर आणि वायरींचा जुडगा तितका सुरक्षित नसतो. कनेक्टरचे रबर सात वर्षांत कडक होते. एखाद्या वायरीचे वरचे आवरण उंदराने कुरतडले असेल किंवा घासून गेले असेल, तर पाणी तांब्याच्या तारांमधून केशाकर्षणाने सरकत सरकत थेट पिनेपर्यंत पोचते. रस्त्यावर तुंबलेले पाणी हे गटारातून वर आलेले, क्षारांनी भरलेले असते, आणि ज्या पिनेवर चोवीस तास बॅटरीचे १२ व्होल्ट असतात ती पिन अशा ओलाव्यात सर्वांत आधी खाल्ली जाते. गाडी इमारतीखाली बंद उभी असतानाही हे काम चालूच राहते. आपल्या चार दिवसांचा हिशेब इथे जुळतो.

तेव्हा पहिली तपासणी डोळ्यांची. बॅटरीची ऋण तार काढून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, मग युनिटचा कनेक्टर सोडवून टॉर्चच्या उजेडात प्रत्येक पीन पाहावी. न घासलेल्या तांब्याच्या घंगाळाला चढतो तसा हिरवट कळंक एखाद्या पिनेच्या बुडाशी दिसला, तर चोर तिथेच सापडला असे समजायला हरकत नाही. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, मऊ ब्रशने साफ करून, पूर्ण वाळवून मगच कनेक्टर पुन्हा लावावा. पॉलिश पेपर मात्र कोणालाही वापरू देऊ नका. पिनेवरचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो निघाला की दोन महिन्यांत पुन्हा तेच दुखणे. समोरच्या बाजूची पीन फाकून सैल झाली असेल, तर साफसफाईने काही साधत नाही. ती पीन बदलावीच लागते. तसा खर्च युनिटच्या किमतीपुढे अगदीच किरकोळ असतो.

दुसरी तपासणी वीज आणि अर्थची (म्हणजे गाडीच्या बॉडीमार्फत बॅटरीच्या ऋण टोकाला जाणाऱ्या जोडणीची), आणि इथे मल्टीमीटर माणसाला फसवतो. वायरीच्या वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. म्हणून जुने मेकॅनिक इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींना जोडून खिशात ठेवत, आणि ती युक्ती आजही तितकीच चोख आहे. युनिटाकडे येणाऱ्या जाड सप्लायच्या पिनेवर आणि अर्थच्या पिनेवर तो बल्ब लावला आणि तो लख्ख पेटण्याऐवजी मिणमिणला, तर वाटेत कुठेतरी गंज, सैल बोल्ट किंवा जळका रिले (विजेने चालणारा स्विच) आहे. हा प्रयोग फक्त सप्लाय आणि अर्थवर करायचा, आणि तोही युनिट सोडवलेले असताना. कॅनच्या किंवा सेन्सरच्या वायरींना बल्ब लावणे म्हणजे दुसरे दुखणे विकत घेणे. बल्ब पेटलेला असताना अर्थची पीन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मीटर लावला तर ०.१ व्होल्टच्या आसपासच फरक यायला हवा. तो अर्ध्या व्होल्टवर गेला, तर बॉडीला कसलेला अर्थचा बोल्ट काढून, खालचा रंग-गंज खरवडून पुन्हा आवळावा.

याच ओघात बॅटरीही पाहून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत ती १२.६ व्होल्टच्या जवळपास असावी आणि स्टार्टर फिरताना साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. म्हाताऱ्या बॅटरीमुळे युनिट ऐन सुरुवातीच्या क्षणी बंद पडून पुन्हा जागे होते आणि लक्षणे हुबेहूब आपण लिहिली आहेत तशीच दिसतात.

एक तपासणी तर आपण घरी फुकटात करू शकता. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या बऱ्याच एएमटी गाड्यांत चालकाचे दार उघडताच बॉनेटखालून दोन-तीन सेकंद ‘घूंऽऽ’ असा पंपाचा आवाज येतो. गाडी सुरू करण्याआधी दाब तयार ठेवण्याची ती सोय असते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी दार उघडताना कान देऊन ऐका. ज्या दिवशी आवाज येतो त्या दिवशी गाडी चालते आणि ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी अडते, असे दिसले तर मेकॅनिकला ते जरूर सांगा. पंपाचा रिले, फ्यूज आणि युनिटचा सप्लाय यांच्याकडे त्याचे लक्ष आपोआप जाईल. दाब शिल्लक असला तर पंप गप्प राहतो आणि काही एएमटींमध्ये तेलाऐवजी नुसत्या विजेच्या मोटारी असतात, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष मात्र काढू नये.

राहिल्या कॅनच्या दोन वायरी. बॅटरी सोडवून, स्कॅनर जोडतात त्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजला, तर बहुतेक गाड्यांत तो ६० ओहमच्या आसपास येतो, कारण वाहिनीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक बसवलेला असतो. १२० आले तर एक टोक तुटले आहे, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. ज्या गाड्यांत सॉकेटच्या मागे गेटवे (सॉकेट आणि आतल्या वायरी यांच्यामधले निरोप्याचे युनिट) असतो तिथे हे माप पलीकडच्या वायरींबद्दल काहीच सांगत नाही. ते गाडीच्या वायरिंगच्या नकाशावरून आधी पाहून घ्यावे.

हे सगळे निर्दोष निघाले आणि तरीही युनिट ‘ओ’ देत नसेल, तरच ते गेले असे म्हणता येते. आतल्या बोर्डाचा एखादा जोड उष्णतेने तडकूनही बिघाड येतो-जातो, हे मला मान्य आहे. पण ते शेवटी धरायचे, पहिल्याने नव्हे.

आता बदलायचेच ठरले तर. जुन्या आणि नव्या युनिटवरचा भाग-क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. बाहेरून एकसारखे दिसणारे दोन डबे वेगळ्या इंजिनासाठी किंवा वेगळ्या सॉफ्टवेअरचे असू शकतात. नवे युनिट कोरे येते. त्यात आपल्या मॉडेलचे सॉफ्टवेअर आणि गाडीचा १७ अक्षर-अंकांचा चॅसिस क्रमांक भरावा लागतो, काही गाड्यांत चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरशीही ओळख करून द्यावी लागते. हे चालू असताना बॅटरीला चार्जर लावून व्होल्टेज स्थिर ठेवलेच पाहिजे, कारण मध्येच वीज घसरली तर नवे कोरे युनिट जागीच निकामी होऊ शकते. त्यानंतर येते ‘लर्निंग’ : क्लच नेमका कोणत्या बिंदूला पकड घेतो आणि प्रत्येक गिअर कुठे बसतो, हे युनिट स्कॅनरच्या मदतीने शिकते. क्लचप्लेट झिजलेली असेल तर हे शिकणे पुरे होत नाही, आणि मग ‘नवे युनिटही खराब निघाले’ असा बोभाटा होतो. सात वर्षांच्या मुंबईच्या रहदारीनंतर आपली क्लचप्लेट कोणत्या अवस्थेत आहे, हे युनिटची ऑर्डर देण्याआधी विचारा.

कुर्ल्याच्या जुन्या युनिटबद्दल माझा पूर्वग्रह नाही. त्या बाजारातून आणलेल्या भागांवर मीही गाड्या चालत्या केल्या आहेत. पण आरसा किंवा दरवाजा वेगळा आणि कंट्रोल युनिट वेगळे. पहिल्या गाडीचा चॅसिस क्रमांक त्यात पक्का कोरलेला असेल, तर काही कंपन्यांची युनिटे दुसऱ्या गाडीला दाद देत नाहीत. आपल्या जुन्या युनिटची मेमरी वाचता आली तर तिची नक्कल त्यात उतरवता येते, परंतु ते काम करणारा जाणकार माणूस आधी शोधावा आणि युनिट नंतर घ्यावे. शिवाय पावसाळ्यानंतर बाजारात आलेले वापरलेले युनिट कोणत्या गाडीतून निघाले, हे दुकानदाराला विचारा. तीही पाण्यातलीच असेल, तर आपण आपलाच आजार पैसे मोजून घरी आणाल.

सर्व्हिस सेंटरकडून दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा स्कॅनरचा छापील अहवाल मागा, प्रोग्रॅमिंग आणि लर्निंग केल्याचा बिलावर स्पष्ट उल्लेख करून घ्या आणि काढलेला जुना भाग ताब्यात घ्या. विमा सर्वसमावेशक असेल, तर पुराच्या पाण्याने झालेले नुकसान त्यात बसते. मात्र काहीही उघडण्यापूर्वी कंपनीला कळवून सर्वेयरला गाडी दाखवावी लागते आणि घसारा वजा होतो. तपासणी न करता भाग बदलून बिघाड तसाच राहिला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ती सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

प्रश्न : टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या आमच्या स्वयंचलित सेडानचे कंट्रोल युनिट गेल्या महिन्यात बदलले. दिवा गेला, पण आता दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना गाडी हिसका देते. मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवायचा म्हणतो.
– एक वाचक, दादर

उत्तर : इतक्यात उतरवू नका. जुन्या युनिटने कित्येक वर्षांत आपल्या गिअरबॉक्समधल्या क्लचांची झीज ओळखून दाब जुळवून घेतलेला होता. नव्याला त्याचा पत्ता नाही, म्हणून ते कारखान्यातल्या मूळ आकड्यांवर चालते. स्कॅनरने ॲडाप्टेशन (युनिटने साठवलेली जुळवणी) पुसून, तेल योग्य तापमानाला आणून, कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने गाडी चालवून ते पुन्हा शिकवावे लागते. पेडर रोडच्या कोंडीत ते शिकत नाही. सकाळी लवकर पूर्व द्रुतगती मार्गावर संथपणे वेग वाढवत-कमी करत चालवण्याचा उपयोग होतो. काही गिअरबॉक्सवर आतल्या सोलेनॉइड-संचाचा (तेलाचा दाब सोडणाऱ्या विजेच्या झडपांचा) स्वतंत्र क्रमांक छापलेला असतो आणि त्या संचाची माहिती नव्या युनिटमध्ये भरावी लागते. आपल्याकडे ती भरली का, हे विचारा. तेलाची पातळी आणि प्रकारही तपासून घ्या, कारण ‘ऑटोमॅटिकचे तेल’ या एकाच नावाखाली एकमेकांना न चालणारी अनेक तेले विकली जातात. एवढे करून हिसका तसाच राहिला, तर मेकॅनिकचे म्हणणे ऐकावे.

प्रश्न : बॅटरीची तार काढून पुन्हा लावली की गिअरचा दिवा जातो. हा उपाय करत राहिलो तर चालेल का?
– एक वाचक, मालाड

उत्तर : नाही. त्याने काही गाड्यांत साठवलेला कोड पुसला जातो, म्हणजे बिघाड तसाच राहून मेकॅनिकच्या हातातला पुरावा तेवढा नाहीसा होतो; आणि काही गाड्यांत शिकलेले आकडेही जातात. पुढच्या वेळी दिवा लागला की तारेला हात न लावता आधी कोड वाचून घ्या. मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनाचेच कोड दाखवतात. तिथे ‘पी ०७००’ दिसला तर त्याचा अर्थ ‘तपशील ट्रान्समिशनच्या युनिटात पाहा’ एवढाच आहे, आणि तो तपशील वाचणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये गाडी न्यावी. ती जागची हलत नसेल, तर चाके जमिनीवर ठेवून ओढू नका. चारही चाके उचलणारा टेम्पो मागवा.