कोणाच्या हाताखाली?

प्रिय बाय,

परवा माझी शिफ्ट सुटताना तू आमच्या फॅक्टरीच्या गेटपाशी थांबली होतीस. हातात दोन कागद. एक कॅम्पसमधून मिळालेलं मुंबईच्या कंपनीचं ऑफर लेटर, वर्षाला ४ लाख २० हजार. दुसरा इथल्याच, रत्नागिरीतल्या एका मासे गोठवणाऱ्या फॅक्टरीचा, सहा महिने ट्रेनी, महिना १२ हजार. आणि तुझा मधला मार्ग तयार होता: परीक्षा संपली की जून-जुलै इथे काढते, सर्टिफिकेट घेते, ऑगस्टला मुंबईत जॉईन होते. "म्हणजे दोन्ही झालं ना मॅडम?"

मी 'बघू' म्हणाले आणि घरी आले. बघू म्हणायला नको होतं. दोन्ही होत नाही, त्यातलं एकही होत नाही.

तू हर्णैची. मासेमारीची बंदी काय असते हे मी तुला सांगायचं? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी किनाऱ्याला. मिरकरवाडा बंदरात त्या दोन महिन्यांत जाळी शिवणारी आणि इंजिनं उघडून बसलेली माणसं दिसतात. फॅक्टरीत आली तर तलावातली कोळंबी येते. राणी मासा नाही, म्हाकूळ नाही, बांगडा नाही. कॉम्प्रेसर दुरुस्तीला काढलेला, भिंतींना रंग चाललेला. तिथे त्या दोन महिन्यांत तुझ्या वाट्याला येणार रजिस्टर आणि शेवटी शिक्का मारलेला कागद. तुझ्या आजीने जन्मभर बैलगाडीतून उतरलेला मासा हर्णैच्या वाळूत लिलावात पारखून घेतला, आणि तू चार वर्षं फिशरीज शिकून मासाच नसताना मासा शिकायला निघालीस.

हे मी रागाने लिहिते आहे, मला कळतंय. पण राग बंदीचा नाही. मुंबईत पीजी कुठे मिळेल, शनिवारी सुट्टी असते का, बॉण्ड किती वर्षांचा, सगळं तुला पाठ होतं. मी विचारलं, कोणाच्या हाताखाली असशील? तू म्हणालीस, "ते एचआर सांगेल ना." आणि इथल्या फॅक्टरीत? "ते नाही विचारलं." का नाही विचारलंस? "उद्धट वाटेल म्हणून."

बाय, विचारायचा प्रश्न तो एकच होता.

मी १९९७ च्या ऑक्टोबरात कामाला लागले. त्या वर्षी युरोपने आपला मासा घेणं बंद केलं होतं, स्वच्छतेच्या कारणावरून. डिसेंबरपासून अमेरिकेने हॅसप सक्तीचं केलं, म्हणजे माल कुठे बिघडू शकतो ते आधीच हेरून तिथे तपासणी आणि नोंद ठेवायची पद्धत. धंद्यातली जुनी माणसं हवालदिल झाली होती, फॅक्टरी फॅक्टरीत फरशा उखडून नव्या घालत होते, पाण्याच्या चाचण्या, हात धुवायच्या जागा, कागदच कागद. मी डिग्री घेऊन आलेली, मला वाटायचं आता आपलंच राज्य. आणि मला दिलं एका केरळी बाईच्या हाताखाली. सगळे तिला चेची, म्हणजे ताई, म्हणायचे. सोलणीच्या टेबलावर कोळंबी सोलत सोलत ती फ्लोअर सुपरवायझर झालेली. शाळा किती झाली होती तिची, मी कधी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी तिने मला बांगड्याच्या क्रेटसमोर उभं केलं आणि म्हणाली, हात घाल. कल्ल्याखाली बोट घाल, पोट दाब, नाकाशी ने. टेम्पोवाल्याला विचार, बर्फ समुद्रात घातला की जेटीवर? जाळं कधी ओढलं? तो अडखळला की क्रेट बाजूला. हिस्टॅमिन, म्हणजे बिघडत चाललेल्या माशातलं विष, हा शब्द तिला येत नव्हता. मला येत होता. बांगडा, कुपा (ट्यूना) अशा माशांत तो बर्फावाचून राहिलेल्या तासांत तयार होतो, आणि एकदा झाला की शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, डब्यात भरूनही जात नाही, हे मी परीक्षेत लिहून आले होते. पण कुठल्या क्रेटमध्ये तो असेल हे तिला ठाऊक होतं, मला नव्हतं. युरोपला पाठवायच्या लॉटचे नऊ नमुने तपासतात. ते नऊ कुठून उचलायचे हे पुस्तकात एका ओळीत असतं. ती मला रोज दाखवायची: वरच्या क्रेटमधून नाही, टेम्पोच्या तोंडाशी असलेल्यातून नाही, जिथे बर्फ आधी वितळतो तिथून.

पाच महिने. त्यानंतर मला नवी मुंबईतून बोलावणं आलं. मोठं नाव, एसी ऑफिस, पगार दुपटीच्या वर. वडिलांनी पेढे वाटले. चेचीने फक्त विचारलं, "तिकडे कोणाच्या हाताखाली?" मी म्हणाले, डिपार्टमेंट आहे मोठं. ती काही बोलली नाही, हातमोजे उलटे करून वाळत घातले आणि लाईनवर गेली.

त्या डिपार्टमेंटमध्ये मी चार वर्षं काढली. लोक वाईट नव्हते. पण शिकवायला कोणी नव्हतं, कारण जे होते तेही माझ्यासारखेच टेबलावर आलेले आणि टेबलावरच राहिलेले. फॅक्टऱ्यांकडून आकडे यायचे, आम्ही ते सुबक तक्त्यात बसवायचो. मला तापमानाचे हजारो आकडे माहीत होते. २००२ मध्ये एका परदेशी गिऱ्हाईकाचा तपासनीस आला तेव्हा मला त्याच्याबरोबर प्लांटवर पाठवलं. त्याने गोठलेला ब्लॉक पुढे केला आणि म्हणाला, तापमान घेऊन दाखवा. मी थर्मामीटरची सुई ब्लॉकच्या कडेला टेकवली. टेकवली! ब्लॉकला ड्रिलने भोक पाडून सुई मध्यापर्यंत घालायची असते, पृष्ठभागाच्या तापमानाला काही अर्थ नसतो, उणे १८ ब्लॉकच्या गाभ्याशी लागतं. लाईनवरच्या एका मुलाने मुकाट्याने माझ्या हातातलं थर्मामीटर घेतलं, भोक पाडलं, आकडा वाचून दाखवला. तपासनीस मला एक शब्द बोलला नाही. त्याने वहीत काहीतरी लिहिलं.

मी पुढच्या दोन महिन्यांत रत्नागिरीला परत आले. वीस-बावीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की आईच्या आजारपणासाठी आले. आई आजारी होती, ते खोटं नाही. पण आले ती त्या थर्मामीटरपायी. आले तेव्हा चेची निघून गेली होती, कोणी म्हणे गुजरातेत, कोणी म्हणे गावी. पत्ता कोणाकडेच नव्हता. तिच्याकडून शिकायचं जे राहिलं ते मग मी चुका करत, लॉट परत येत, बोलणी खात शिकले. तिच्या हाताखाली आणखी दोन वर्षं राहिले असते तर दहा वर्षं वाचली असती.

म्हणून सांगते. कंपनी कोणती, शहर कोणतं, पॅकेज किती, हे सगळं नंतर. आधी, कोणाच्या हाताखाली?

तू म्हणशील, बाईंना पैशाची किंमत नाही. आहे. तुझ्या बाबांच्या बोटीवरचं कर्ज मला माहीत आहे. पण ते ४ लाख २० हजार नीट वाच. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला आहे, ग्रॅच्युइटी धरलेली आहे जी लगेच हातात पडत नाही, आणि 'व्हेरिएबल' म्हणजे मिळालं तर मिळालं. महिन्याला हातात किती, हे लेखी विचार. त्यातून पीजी, लोकल, डबा वजा कर. मग १२ हजार आणि आईच्या हातचं जेवण याच्याशी ताडून बघ. फरक राहील, पण तुला वाटतो तेवढा राहणार नाही. बॉण्ड असेल तर रक्कम आणि मुदत दोन्ही वाचल्याशिवाय सही नाही. मूळ मार्कशीट आणि डिग्री कोणाच्या कपाटात ठेवायची नाही, कितीही गोड बोलले तरी. रात्रपाळी असेल तर घरी सोडायची गाडी कोणाची, तेही आधीच. एवढं पुरे, हे तुला कोणीही सांगेल.

आणि इथली फॅक्टरी म्हणून ती चांगली, असं मी म्हणत नाही. तो कागद माझ्या फॅक्टरीचा नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते. तिथे जर तुला सहा महिने लेबलं चिकटवायला बसवणार असतील तर रत्नागिरीही नवी मुंबईच. उलट, मुंबईच्या त्या कंपनीत कोणी असं माणूस असेल, जे तुला पहिल्या आठवड्यात प्लांटवर नेईल आणि म्हणेल हात घाल, तर आजच्या कोकणकन्येने जा, मी स्टेशनवर सोडायला येते. बाबा बँकेच्या ॲग्रिकल्चर फील्ड ऑफिसरची परीक्षा म्हणतात, तीही वाईट नाही. फिशरीजवाल्यांना ती देता येते, आणि मच्छीमाराला कर्ज देणारा माणूस मासा ओळखणारा असला तर बरंच. पण मासा ओळखायला आधी कोणीतरी शिकवलेलं हवं ना?

तुझ्या वर्गातली मुलं सरकारी इंटर्नशिपच्याही मागे आहेत. राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली तेव्हा पदवीधराला महिना १० हजार होते, केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिपचे बारा महिने, महिना ५ हजार. केंद्राच्या योजनेत एक अट मला मनापासून पटली: किमान अर्धा वेळ प्रत्यक्ष कामावर गेला पाहिजे, वर्गात बसून नाही. लिहिणाऱ्याला काहीतरी कळलेलं आहे. पण अर्धा वेळ कामावर म्हणजे कोणाच्या शेजारी उभं राहून, हे कुठलीच योजना तुझ्यासाठी ठरवणार नाही. ते तुलाच विचारावं लागेल.

माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी वेरावळला आहेत, कोचीला आहेत, एक दुबईला. भावाला वाटतं मी मागे राहिले, दिवाळीत तो बोलूनही दाखवतो. मी आता त्याला उत्तर देत नाही, पण तुला देते. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज पाच-सहा ठिकाणी क्वालिटी सांभाळतात, आणि त्यातला एकही ब्लॉकच्या कडेला सुई टेकवत नाही. त्यासाठी मी इथे राहिले. राहायलाच हवं होतं. हे मी स्वतःला समजावण्यासाठी लिहिते आहे असं तुला वाटेल. वाटू दे. तरी ते खरं आहे.

तर आता असं कर. दोन्हीकडे फोन लाव, ईमेल नको. सांग की निर्णय घेण्याआधी मला तीन गोष्टी कळल्या तर बरं. मी कोणाच्या हाताखाली काम करीन, त्यांचं नाव काय? ते प्लांटवर किती वेळ असतात? त्यांच्या हाताखाली आधी आलेली मुलं आज कुठे आहेत, त्यातल्या एखादीशी मला बोलता येईल का? यात उद्धट काही नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे तो आनंदाने सांगतो. जो म्हणेल 'नंतर कळेल', त्याचं उत्तर तुला तिथेच मिळालं. इथली फॅक्टरी हो म्हणाली तर सहा महिने ऑगस्टपासूनचे माग, जूनपासूनचे नाही. आणि मुंबईवाल्यांना जॉइनिंग पुढे ढकलता येईल का तेही विचारून बघ, नाही म्हणाले तर नाही.

बोटी अजून महिनाभर चालू आहेत. रविवारी सकाळी सहाला मिरकरवाड्यावरून आमचा माल येतो, बांगडा असेल असं बोटीचा तांडेल म्हणत होता. गेटवर थांबू नकोस, वॉचमनला माझं नाव सांगून आत ये. केस बांधून ये, बांगड्या काढून ठेव. पाच नंबरचे गमबूट मी बाजूला काढले आहेत.

तुझी,
मॅडम