नाक दाबलं की तोंड उघडतं?

"डॉक्टर म्हणतात, आता हिला गिळता येतं. मग खात का नाही? माझंच काही चुकतंय का?" नळीनं दूध घेणाऱ्या मुलांच्या आया माझ्यासमोर बसल्या की थोड्या वेळात हा प्रश्न येतोच. उत्तर म्हणून मी एका छकुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कुटुंब सातारा जिल्ह्यातलं. मुलगी 29व्या आठवड्यात जन्मलेली, हृदयाला छिद्र, आठव्या महिन्यात शस्त्रक्रिया. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रानं आमच्याकडे पाठवलं तेव्हा ती 14 महिन्यांची होती, वजन 7 किलो 200 ग्रॅम. नाकात नळी, गालावर चिकटपट्टी. आईच्या पिशवीत एक वही होती. त्यात रोजच्या 8 वेळा आणि प्रत्येक वेळेपुढे 90 मिली. मध्येच लाल शाईनं 'उलटी'.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बाळाला गर्भारपणाच्या साधारण 34व्या आठवड्यापासून बसू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला नळी जगवते. हिला पुढे हृदयामुळे दूध ओढतानाच धाप लागायची, म्हणून नळी राहिलीच. आणि चोखण्याची उपजत क्रिया 4 ते 6 महिन्यांत ओसरते. त्यानंतर खाणं हे शिकावं लागतं, चालण्यासारखं. ज्या महिन्यांत इतर मुलं पेज-खिमटी चाटत शिकतात, ते महिने हिचे अतिदक्षता विभागात गेले. तिथं चेहऱ्याकडे येणारा प्रत्येक हात काहीतरी दुखवायलाच आला होता. कधी नळी बदलायला, कधी कफ ओढायला, कधी चिकटपट्टी सोलायला. चमचा घेऊन येणारा हात वेगळा आहे, हे तिनं कशावरून ओळखावं?

आजी सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, आम्ही पाच पोरं वाढवली. नाक दाबलं की तोंड उघडतंच." घरी त्या खरंच तसं करत होत्या. गाल धरायचे, नाक दाबायचं, नाचणीचं सत्त्व तोंडात ओतायचं. मूल ओकायचं, आई रडायची, मग पुन्हा नळी. यात दुष्टपणा कुठंच नव्हता. नात उपाशी आहे या काळजीनं त्यांचा जीव कासावीस झाला होता. पण असं ओतलेलं अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि काही मुलांना तेव्हा खोकलाही येत नाही. म्हणून बाहेरून पाहून गिळणं सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही. हिची बेरियम मिसळलेलं दूध गिळतानाची एक्स-रे तपासणी झाली होती, पातळ आणि मऊ दोन्ही नीट उतरत होतं. ज्यांची अशी खात्री झालेली नाही, खाताना आवाज ओला, म्हणजे घशात पाणी साचल्यासारखा होतो किंवा वारंवार न्यूमोनिया होतो, त्यांनी पुढचं काही घरी करून पाहू नये.

माझी चूक इथं झाली. पहिल्या महिन्यात मी फक्त आईशी बोलत राहिले. दिवसभर मूल आजींजवळ असायचं, आणि मी त्यांना दाराबाहेरच्या बाकावर बसवलं होतं. तो महिना वाया गेला. दुसऱ्या महिन्यापासून दोघींना एकत्र बसवलं आणि एकच वाटणी सांगितली: पोट भरायचं काम सध्या नळीचं, तोंडाचं काम फक्त ओळख करून घ्यायचं. एक घासही गेला नाही तरी चालेल.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात नळी सोडवण्याच्या उपचारात अशा मुलांना जमिनीवर अन्नाभोवती मोकळं सोडतात, कुणी भरवत नाही. आम्ही ती कल्पना चटईवर आणली. घरचे जेवायला बसले की छकुलीही मध्ये, समोर वाट्या, आणि त्याच वेळी नळीतून दूध. वहीत मी आईला आणखी एक रकाना आखायला सांगितला. आज कशाला हात लावला, कशाचा वास घेतला, काय चाटलं. "चाटण्यानं वजन वाढतं का हो?" आईनं विचारलं. नाही वाढत, मी म्हटलं. त्या दोन महिन्यांत मला वजन वाढवायचं नव्हतंच. तिनं तोंड फिरवणं थांबवावं एवढंच हवं होतं.

खिमटी आणि खीर तिनं उडवून लावली. एका दुपारी आजींच्या ताटातल्या चिंच-गुळाच्या आमटीत तिनं बोट बुडवलं आणि चोखलं. मग पुन्हा. आजी मला फोनवर सांगताना हुंदके देत होत्या. नळीवर वाढलेल्या मुलांना ठळक चवी आवडलेल्या मी बऱ्याचदा पाहिल्यात. जिभेला काहीतरी स्पष्ट कळावं लागतं, असं मला वाटतं.

आता भूक हवी होती. दर तीन तासांनी पोट भरलं तर भूक लागणार कधी? बालरोगतज्ज्ञांनी दिवसभराच्या दुधातला चौथा हिस्सा कमी केला. किती ग्रॅम घटेपर्यंत थांबायचं आणि दिवसातून किमान किती वेळा लघवी व्हायला हवी, हे लिहून दिलं. हे पाऊल कुणीही स्वतःच्या मनानं उचलू नये. पहिल्या आठवड्यात 150 ग्रॅम वजन घटलं आणि एका रात्री आईनं न सांगता जादा दूध सोडलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच कबूल केलं. मी रागावले नाही. ज्या बाईनं वर्षभर मिलिलिटर मोजून लेकरू जगवलं, तिला ते मोजणं सोडा म्हणणं फार मोठं मागणं असतं.

पुढे सर्दी-ताप आला, खाणं शून्यावर, 10 दिवस पुन्हा पूर्ण दूध नळीतून. मग परत सुरुवात. आधी दुपारचं नळीचं दूध सुटलं, मग सकाळचं, रात्रीचं सगळ्यात शेवटी. 20व्या महिन्यात नळी निघाली. राहून गेलेलं उष्टावण तेव्हा झालं. मामानं पुढे केलेल्या खिरीला तिनं मान हलवली. कुणी आग्रह केला नाही. थोड्या वेळानं तिनं वरणभाताच्या वाटीत स्वतः हात घातला.

आज ती सव्वादोन वर्षांची आहे. मऊ भात, आमटीत कुस्करलेली पोळी, ताक घेते. पोळीचा कोरडा तुकडा अजून जिभेनं बाहेर ढकलते, त्यावर आमच्या स्पीच थेरपिस्टचं काम सुरू आहे. दूध कमी जातं म्हणून आई परवा काळजीत होती. आजी तिला म्हणाल्या, "अगं, तिला आधी मागू तर दे."