हनुवटीखालचा फुगवटा आणि पॉलिसीचा हप्ता

पत्र थोडक्यात असं: "वय 51, एकटी राहते, मुलगी कमावती झाली. घर स्वतःचं आहे, कर्ज फिटलं. मानेची कॉस्मेटिक शस्त्रक्रिया करायचं ठरवलंय. सर्जन म्हणतात की चरबी काढून कातडी ताणली तरी जबड्याखालचा फुगवटा जाणार नाही, कारण ती लाळग्रंथी आहे. तीही कमी करायची तर पैसे जास्त. आत्ताच एकत्र केली तर स्वस्त, नंतर वेगळी केली तर तिप्पट खर्च. क्लिनिक 24 महिन्यांचे बिनव्याजी हप्ते देतंय. त्यासाठी माझ्या पेन्शन पॉलिसीचा हप्ता दोन वर्षं थांबवीन, तसं चालतं असं बँकेतल्या मॅनेजरनी सांगितलंय. काम ग्राहकांसमोरचं आहे, त्यामुळे याचा बढतीलाही उपयोग होईल. ग्रंथीचं एकत्र करावं का?"

रकमा छापू नका अशी विनंती आहे. म्हणून हातात येणारा महिन्याचा पगार 100 धरतो. त्या हिशेबात घरखर्च 60. शस्त्रक्रिया रोखीने 1000, त्यात ग्रंथीचे 200. हप्ता महिना 48. पॉलिसीचा हप्ता वर्षाला 200, पाच भरून झाले. बँकेत मुदत ठेव 400. नोकरीला पेन्शन नाही आणि भविष्य निर्वाह निधी घरासाठी काढून झालाय.

आधी विचारलेल्याचं उत्तर. मी डॉक्टर नाही, पण पैसे कशाचे जाणार आहेत ते समजून घ्या. जबड्याखालच्या दोन ग्रंथी लहान दिसतात, पण आपण काही खात नसताना तोंड ओलं ठेवणाऱ्या लाळेतली साधारण दोन तृतीयांश त्यांचीच असते. वयाबरोबर त्या खाली उतरतात आणि वरची चरबी काढली की आणखी उठून दिसतात. सर्जन सहसा खाली डोकावणारा भागच कापतात. ते करावं की नाही, यावर सर्जनांमध्येच एकमत नाही. उरलेल्या ग्रंथी बरंच सांभाळून घेतात. पण कापलेलं परत येत नाही, आणि तोंड कोरडं राहू लागलं तर पुढे दातांचा खर्च वाढतो. लाळ कातडीखाली साठली तर सुईने काढणं, दाबपट्टी, कधी बोटॉक्सचं इंजेक्शन आणि वारंवार खेपा. खालच्या ओठाच्या हालचालीची नस अगदी जवळून जाते. ती दुखावली तर काही काळ ओठ एका बाजूला नीट हलत नाही. तुम्हीच म्हणता की काम ग्राहकांसमोरचं आहे. मानेत रक्तस्राव झाला आणि श्वासनलिकेवर दाब आला तर त्याच रात्री पुन्हा ऑपरेशन थिएटर.

हे सगळं घडेलच असं नाही. पण घडलं तर बिल कोणाचं? कॉस्मेटिक शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही, आणि तिच्यातून उद्भवलेल्या त्रासाचा खर्चही बहुतेक पॉलिसी नाकारतात. क्लिनिकच्या कोटेशनमध्ये "फॉलो-अप समाविष्ट" एवढंच लिहिलंय. पुन्हा थिएटर, जादा मुक्काम, भूलतज्ज्ञाचे पैसे त्यात येतात का, ते लेखी घ्या. आणि फुगवटा एकाच बाजूला असेल, जेवताना दुखत किंवा वाढत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. खडा किंवा गाठ निघाली तर तो आजार झाला, आणि त्याचा विमा मिळू शकतो.

"आत्ता 200, नंतर 600" हा सेलचा हिशेब झाला. नंतर करायची वेळच आली नाही, तर वाचणारे 400 कुठले? चरबी आणि कातडीचं काम झाल्यावर कित्येकांना तो फुगवटा खटकत नाही. सर्जन म्हणतील, दोनदा भूल कशाला. खरंय, पण तो वैद्यकीय मुद्दा आहे, सवलतीचा नाही.

आता न विचारलेलं, आणि तेच मोठं आहे.

बिनव्याजीपासून सुरू करू. 48 गुणिले 24 म्हणजे 1152. रोख दिले तर 1000. वरच्या 152 ला व्याजच म्हणतात, आणि दर निघतो जवळपास 14 टक्के. पुढे घरखर्च 60 अधिक हप्ता 48, म्हणजे 108. पगार 100. पॉलिसीचा हप्ता थांबवूनही तुम्ही दरमहा 8 ने तुटीत आहात. ही तूट पत्रातली बढती भरून काढणार. मान बघून बढती देणारी कंपनी माझ्या पाहण्यात नाही. असेल तर तिच्याकडून आधी पत्र घ्या.

आणि ती पॉलिसी. तुम्ही पाठवलेला कागद मी दोनदा वाचला. तिला "पेन्शन" म्हणायला मुखपृष्ठावरचं हसरं आजी-आजोबांचं जोडपं सोडून काहीही आधार नाही. ही 15 वर्षांची बचत-विमा पॉलिसी आहे. शेवटी एकरकमी पैसे, संपलं. कागदावर दोन रकाने आहेत. एकात 4200, दुसऱ्यात 8 टक्के धरून 5900. मॅनेजरनी पेनने गोल केलाय 5900 भोवती. त्याच रकान्याखाली, भिंग लागेल अशा अक्षरांत, "हमी नाही" लिहिलंय. हमी 4200 चीच. 15 वर्षांत 3000 भरून 4200 मिळणं म्हणजे वर्षाला 4 टक्के. वर, तुमच्यावर अवलंबून कोणी नाही. मग त्या हप्त्यातला विमा कोणासाठी?

शिवाय पॉलिसी 46 व्या वर्षी घेतली, म्हणजे संपणार 61 ला. निवृत्ती 60 ला. शेवटचा हप्ता तुम्ही पगार बंद झाल्यावर भरणार. विकणाऱ्याने तुमचं वय तरी विचारलं होतं का?

महागाई 6 टक्के धरली तर दहा वर्षांनंतरचे 4200 म्हणजे आजचे 2300. महिना 60 च्या खर्चाने ते पुरतात तीन वर्षं आणि दोन महिने. पुढे काय, याबद्दल पत्रात एक ओळही नाही.

"दोन वर्षं थांबवा" असली सोय या पॉलिसीत नाही. हप्ता चुकला की पॉलिसी पेड-अप होते, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि शेवटी भरलेल्या हप्त्यांपुरतीच कमी रक्कम. पुन्हा सुरू करायची तर थकलेले 400 व्याजासकट भरायचे, बहुधा तब्येतीचं नवं निवेदनही द्यायचं.

मग सरेंडर करावी का, म्हणजे मुदतीआधीच मोडून पैसे घ्यावेत का? रागाच्या भरात तेच वाटेल, पण नको. आज सरेंडर केली तर 600 हातात येतात. पेड-अप ठेवली तर एकही पैसा न भरता दहा वर्षांनी 1400, कंपनीच्या पत्रात तसा आकडा आहे. 600 चे 1400 म्हणजे वर्षाला पावणेनऊ टक्के, तेही हमीने. हे सोडू नका. उलट हप्ते भरत राहिलात तर नव्या 2000 वर जादा मिळतात 2800, दर 6 टक्के, म्हणजे महागाईइतकाच. म्हणून जुने पैसे आत राहू द्या, नवे टाकू नका. जे आधीच बुडालं ते भरून काढायला म्हणून तर अजिबात नको.

आता खरी गरज. साठीला आजच्याच राहणीला, तीच महागाई धरून, वर्षाकाठी साधारण 1200 लागतील. 25 वर्षं धरली आणि परतावा महागाईइतकाच मिळाला असं मानलं तर 30,000. मुलगी कमावती झाल्यावर तुम्ही महिना 40 बाजूला टाकू शकता. नऊ वर्षं, 8 टक्के धरून (मिळतीलच असं नाही) होतात सुमारे 6000. ठेव व्याजासकट आणि पेड-अप मिळून आणखी साधारण 2000. एकूण 8000, म्हणजे साडेसहा-सात वर्षांची सोय. 65 पर्यंत काम करता आलं तर चित्र बरंच बदलतं: पाच वर्षं बचत जास्त, पाच वर्षं खर्च कमी. घरातली एक खोली भाड्याने देता येईल का, तेही बघा. ठेवीतले 400 अडीअडचणीचे आहेत, त्यांना हात नको. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही जाईल. स्वतःचा आत्ताच घ्या, प्रतीक्षाकाळ (सुरुवातीचा, काही आजारांचा खर्च न मिळण्याचा काळ) पगार चालू असतानाच संपू दे.

शस्त्रक्रियेचे 1152 गुंतवले तर साठीपर्यंत जवळपास दुप्पट होतात, म्हणजे म्हातारपणाची दोन वर्षं. हे माहीत असूनही मान करायचीच असेल तर तो तुमचा अधिकार आहे. माझी अट एवढीच: हप्त्यांवर नाही, आणि त्याला गुंतवणूक म्हणायचं नाही. महिना 40 मधले 25 निवृत्तीसाठी, 15 मानेसाठी. ग्रंथी वगळून 800 जमायला साडेचार वर्षं लागतील. सर्जन तोवर कुठे जात नाहीत.

सहावा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. बँकेच्या मॅनेजरकडे जाऊ नका. विमा कंपनीच्या शाखेत पेड-अपबद्दल लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि 1400 चा आकडा त्यांच्या शिक्क्यानिशी मिळाला की मगच हप्ता सोडा. खात्यातून आपोआप कापून जाण्याची सूचना दिलेली असेल तर ती त्याच दिवशी रद्द करा.