मुलीच्या बांध्यावरून मूल होईल की नाही हे कळतं का?

ताई, साखरपुड्यानंतर नवऱ्याच्या आत्या म्हणाल्या, "पोरगी लईच वाळकी हाय, कंबरंत काय नाय, पोरबाळ कसं व्हायचं?" आणि तुम्ही विचारताय की यात काही तथ्य आहे का. मी कोल्हापुरात एका लॅबमध्ये आहे. डॉक्टर नाही, पण हार्मोनचे रिपोर्ट रोज हातातून जातात.

आत्याबाई ज्याला कंबर म्हणतायत ते मुळात हाड. त्याचा संबंध आला तर बाळंतपणाशी येतो, गर्भ राहण्याशी नाही. आणि आतली वाट किती रुंद आहे हे लुगड्यावरून कुणालाच दिसत नाही.

बांधा आणि हार्मोन यांचं नातं मात्र आहे. वयात येताना इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळे चरबी नितंब-मांड्यांवर बसते. देवेंद्र सिंग या मानसशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये दाखवलं की पुरुषांना कंबर-नितंबाचं 0.7 च्या आसपासचं प्रमाण आकर्षक वाटतं. पण ती पुरुषांची पसंती झाली, त्यांनी कुणाची मुलं मोजली नव्हती! लोक नेमकं हेच विसरतात.

खरी भानगड पोटावरच्या चरबीची. ती वाढली की शरीर इन्सुलिनला (रक्तातली साखर आवरणारं हार्मोन) नीट दाद देत नाही, मग जास्त इन्सुलिन सोडतं, त्याने बीजकोशात पुरुषी हार्मोन वाढतात आणि बीज वेळेवर फुटत नाही. पीसीओएसमध्ये (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार) बहुतेक वेळा हेच चालतं. आपल्याकडे बाईच्या पोटाचा घेर 80 सेंमीच्या वर गेला की सावध व्हायला सांगतात. वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के उतरवूनही अनेकींची पाळी रुळावर येते. उलट दिसायला सडपातळ असलेल्या मुलींनाही पीसीओएस असतो, म्हणजे नुसत्या मापाच्या टेपवर विसंबून चालत नाही.

फार बारीक असण्याचाही त्रास होतो, तेवढं आत्याबाईंचं मान्य. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात (1994 मध्ये सापडलं). ते फार कमी झालं की मेंदूला वाटतं दुष्काळ पडलाय, आणि तो बीजकोशाला इशारा देणंच थांबवतो. आपल्या तालमींत आता मुलीही कुस्ती खेळतात. वजनगटासाठी उपाशी राहून घाम गाळणाऱ्या मुलीची पाळी महिनोन्महिने चुकू शकते. पोटभर खाल्लं, सराव थोडा कमी केला की बहुतेकदा परत येते.

तुमची पाळी 21 ते 35 दिवसांत नियमित येत असेल, तर बहुधा बीज फुटतंय. वाळकेपणाची काळजी सोडा. येत नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. त्या बहुधा टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन, वाढलं तर पाळी चुकते) बघतील, पुढची पाळी यायच्या साधारण आठवडाभर आधी प्रोजेस्टेरॉनही, म्हणजे बीज फुटलं का ते कळतं.

आणि लग्नानंतर वर्षभर प्रयत्न करून (पस्तिशी उलटली असेल तर सहा महिने) दिवस नाही राहिले, तर वीर्यतपासणी सोबतच करा. स्वस्त आहे, सोपी आहे, आणि तरीही आमच्याकडे बायकोचे सगळे रिपोर्ट झाल्यावरच नवरे उगवतात.