युद्धात कागद वाचवायचेत? सुरुवात काळा घोड्यापासून

लालबागहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी दादरच्या कॉलेजात इतिहास घेऊन टी.वाय.बी.ए.ला आहे. युक्रेनच्या बातम्या पाहिल्यापासून तिने एकच धरून ठेवलंय : युद्ध पेटलेल्या देशांत जुने दस्तऐवज वाचवायचं काम करायचं. आई विचारतात, ‘यात नोकरी असते का? आणि पोरीला तिकडे पाठवायचं कसं?’

ताई, तुमची भीती रास्त आहे. 1992 च्या ऑगस्टमध्ये, बोस्नियातल्या युद्धात, सारायेव्होचं राष्ट्रीय ग्रंथालय तोफगोळ्यांनी पेटलं. पुस्तकं वाचवायला धडपडणाऱ्यांपैकी आयदा बुतुरोविच ही तरुण ग्रंथपाल त्या हल्ल्यांत मारली गेली. हे तुमच्या मुलीलाही माहीत असायला हवं.

पण या कामाचा फार मोठा भाग गोळीबाराच्या कितीतरी आधी, टेबलाशी बसून होतो. 1922 मध्ये आयर्लंडमधल्या यादवीत डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला, शतकानुशतकांचे कागद गेले. आता जगभरातल्या नकला गोळा करून तो संग्रह डिजिटल रूपात पुन्हा उभा केला जातोय. कशाच्या आधारावर? तिथल्याच हर्बर्ट वुड यांनी 1919 मध्ये छापलेल्या सूचीच्या. काय होतं हेच ठाऊक नसतं, तर शोधलं काय असतं? म्हणून पहिलं कौशल्य नीट सूची करण्याचं. युद्धात सांस्कृतिक वारसा जपण्यासाठीच्या 1954 च्या हेग करारानेही ही तयारी शांततेच्या काळातच करायची जबाबदारी देशांवर टाकली आहे, आणि भारत त्या करारात आहे.

दुसरं कौशल्य हाताचं. आग विझवली की कागद पाण्यात असतो. भिजलेला गठ्ठा दिसला की पानं सोडवायचा मोह होतो. तिथेच घात होतो, कारण फुगलेला कागद फाटतो आणि शाई पसरते. गठ्ठा आहे तसाच, खालून फळीचा आधार देऊन उचलायचा. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, तेवढ्यात वाळवणं जमणार नसेल तर सरळ गोठवायचा. 2003 मध्ये बगदादला गुप्तचर खात्याच्या पाणी भरलेल्या तळघरात ज्यू समाजाचे कागद सापडले, ते असेच गोठवून वाचवले. आफ्रिकेतल्या माली देशात टिंबक्टूची हस्तलिखितं 2012 मध्ये पत्र्याच्या ट्रंकांत लपवून राजधानी बामाकोला नेली. वाळवंटाच्या कोरड्या हवेत टिकलेल्या त्या कागदाला बामाकोचा दमटपणा बाधू लागला. दमट हवेत कागद कसा सांभाळायचा, हे शिकायला मुंबईसारखी जागा नाही!

म्हणून तिने सुरुवात घराजवळ करावी. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुने सरकारी कागद जपणारं दफ्तर, आहे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही घेतं. मोडी तिने शिकावीच, असं माझं ठाम मत आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद वाचणारी माणसं आजही कमीच आहेत. पुढे एम.ए., मग दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा डिप्लोमा. हाताने दुरुस्तीचं काम आवडलं, तर संवर्धनातलं पदव्युत्तर शिक्षण.

नोकरीचं खरं सांगते. सरकारी जागा थोड्या निघतात आणि भरती रेंगाळते. पण विक्रोळीचं गोदरेज, कुलाब्याची टी.आय.एफ.आर. ही विज्ञान संशोधन संस्था, पुण्यातलं टाटांचं आणि रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार अशा जागाही आहेत. सुरुवातीचा पगार बेताचाच असेल, घरात हे आधीच बोलून घ्या. ग्रंथालयशास्त्राची पदवी जोडीला असली तर हाताशी दुसरा मार्ग राहतो.

युद्धग्रस्त भागातलं काम पदवी हातात पडताच मिळत नाही. रोमची इक्रॉम ही संस्था संकटातल्या वारशाच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण देते. असं प्रशिक्षण आधीपासून या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी असतं. म्हणजे तिकडे जायचं की नाही हा निर्णय आज घ्यायचाच नाहीये, आणि तो घ्यायची वेळ येईल तेव्हा तुमच्या मुलीच्या हातात काही वर्षांचं काम असेल. परीक्षा संपली की तिला मोडीच्या पुढच्या वर्गाची चौकशी करायला पाठवा. जमलं तर पहिल्या दिवशी तुम्हीही सोबत जा. ती नेमकं काय म्हणतेय ते तिथले कागद पाहिल्यावर तुम्हालाही समजेल.