मुलांना पॉलिश केलेले दगड द्यायचे आहेत. गोडी लागावी म्हणून ते कसे द्यावेत?

तुमच्याकडे टम्बलरमधून (दगड लोळवून, घासून गुळगुळीत करणाऱ्या फिरत्या डब्यातून) काढलेले दोन-तीन किलो दगड पडून आहेत, सहा ते दहा वर्षांच्या मुलांना ते वाटायचेत, आणि मूठभर दिले की दोन दिवसांत ते खेळण्यांच्या डब्याच्या तळाशी जातात अशी तुमची तक्रार आहे. तसं होणारच. नुसता गुळगुळीत दगड हातात पडला की मुलाच्या लेखी ती फक्त एक मोठी गोटी. दगडाबद्दल प्रश्न पडावा असं त्यात काही दिसतच नाही, कारण जे घडलं ते सगळं घासून गेलेलं असतं.

म्हणून माझा नियम एकच: पॉलिश केलेल्या दगडासोबत त्याच जातीचा एक कच्चा, ओबडधोबड तुकडा द्यायचा. आधी कच्चा, मग चकचकीत. अकीकाचा (पट्ट्यापट्ट्यांचा दगड, इंग्रजीत अ‍ॅगेट) कच्चा खडा बाहेरून मळकट बटाट्यासारखा दिसतो. तो मुलाच्या हातात द्या आणि ओल्या बोटाने अर्धाच भाग पुसायला सांगा. तेवढ्या पट्ट्यात लाल-तपकिरी रेषा वर येतात, आणि पाणी सुकलं की परत बुजतात. आता त्याचा पॉलिश केलेला भाऊ पुढे करा: हा कायमचा ओला दिसणारा दगड. खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश सगळीकडे विखुरतो म्हणून दगड पांढुरका, धुरकट दिसतो. पाणी ते खळगे तात्पुरते भरून काढतं, पॉलिश ते खळगेच नाहीसे करतं. नदीतून उचलून आणलेला सुंदर गोटा घरी येईपर्यंत फिका का पडतो, त्याचंही उत्तर यातच आहे.

वाटताना एकेकाच्या हातात दगड कोंबू नका. उथळ ताटलीत वीस-पंचवीस वेगवेगळे ठेवा आणि एकच निवडायला सांगा. निवडायला मुलं पाच-पाच मिनिटं घेतात, उलटसुलट करून बघतात, आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं. शेजारी दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि एक छोटी बॅटरी ठेवा. भिंग डोळ्याजवळ धरून दगड जवळ आणायचा, हे मात्र शिकवावं लागतं; मुलं हमखास भिंग दगडावर टेकवतात. बॅटरी अकीकाच्या मागून धरली की कडा उजळतात. सूर्यकांत म्हणजे जॅस्पर अपारदर्शक, तो तसाच ठिम्म. दोन्ही मूळचे गारगोटीच्याच कुळातले, हे त्यानंतर सांगितलं तर कान टवकारतात. आधी सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

एक खेळ मी कधीच चुकवत नाही. बाथरूमच्या फरशीची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि तिच्यावर हेमेटाईट (लोहाच्या ऑक्साईडचं खनिज) घासा. दगड दिसतो काळा-करडा, स्टीलसारखा चमकणारा. रेघ उमटते गंजासारखी लालसर. सोनेरी पायराईट घासला तर रेघ हिरवट काळी. तांबड्या जॅस्परला रंग देणारंही हेमेटाईटमधलंच लोहाचं ऑक्साईड. गारगोटी आणि अकीक घासायला दिलेत तर पांढरी रेघ दिसेल, पण ती बहुधा फरशीचीच भुकटी असते, कारण ते फरशीइतकेच किंवा तिच्याहून कठीण असतात. एक सावधगिरी: लोहचुंबकाला जोरात चिकटणारे 'हेमेटाईट'चे मणी कारखान्यात बनवलेले असतात. हेमेटाईट इतका जोरात चिकटत नाही.

खोट्या दगडांबद्दल मुलांशी खरं बोला. चमचमणारा गोल्डस्टोन आणि दुधाळ निळा ओपलाईट या नावाने जे विकलं जातं ती काच असते. भडक गुलाबी किंवा गडद निळा अकीक बहुतेक वेळा रंगवलेला, आणि पिरोजा म्हणून मिळणारा स्वस्त खडा बऱ्याचदा रंगवलेला हाऊलाईट, म्हणजे मुळात पांढरा दगड. हे टाकून देऊ नका, ताटलीत राहू द्या आणि 'यातला काचेचा कुठला?' असं विचारा. काचेत भिंगाखाली गोल बुडबुडे सापडतात.

तीन वर्षांखालच्या मुलांना लहान दगड देऊच नका. टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जो आरपार जातो तो त्यांच्या घशात अडकू शकतो. मोठ्यांच्या ताटलीतही गॅलेना (शिसं), सिनाबार (पारा) आणि रिअलगार (आर्सेनिक) नसावेत. मॅलकाईट (तांबं) बघायला ठेवा, पण चोखायचा नाही आणि घासायचा नाही.

पुढची पायरी म्हणजे मुलांसोबत स्वतः टम्बल करणं. लागतो महिनाभर, आणि धीर सुटतो तो इथेच. एका फेरीत एकाच कठिनतेचे दगड: अकीक, जॅस्पर आणि गारगोटी एकत्र चालतात, मोह्स श्रेणीत (कठीणपणा सांगणारी 1 ते 10 ची श्रेणी) साधारण 6.5 ते 7. त्यांच्यात 3 कठिनतेचा कॅल्साईट टाकलात तर तो झिजून संपतो आणि बाकीचे तसेच राहतात. ग्रॅनाईटही टाळा, त्यातली खनिजं वेगवेगळ्या वेगाने झिजतात आणि खड्डे पडतात.

दीड किलोचा डबा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरायचा. कमी भरला तर दगड आपटून टवके उडतात, गच्च भरला तर लोळतच नाहीत. पाणी वरच्या थराच्या जरा खालपर्यंत, आणि 4 टेबलस्पून सिलिकॉन कार्बाईड, म्हणजे दगड घासणारी कठीण भुकटी (ग्रिट). क्रम असा (आकडा जितका मोठा तितकी भुकटी बारीक): 60/90 ग्रिट, मग 120/220, मग 500, शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साईडचं पॉलिश, प्रत्येकी साधारण सात दिवस. पहिल्या टप्प्यात घाई केलीत की सगळं फुकट. जे खड्डे तिथे राहिले ते शेवटपर्यंत राहतात, म्हणून भेगाळलेला दगड पुढे न पाठवता परत पहिल्याच टप्प्यात टाका. प्रत्येक टप्प्यानंतर दगड, डबा आणि झाकणाची खाच ब्रशने धुवायची. जाड ग्रिटचा एक कण पॉलिशमध्ये गेला की सगळ्यांवर ओरखडे. पॉलिशसाठी मी वेगळाच डबा ठेवतो. काही दगडांतून वायू सुटून झाकण फुगतं, तेव्हा अधूनमधून उघडून हवा सोडा.

दर टप्प्याला एक दगड बाजूला काढून ठेवा: कच्चा, आणि चार टप्प्यांचे चार. ही पाच दगडांची रांग वर्गात नेण्यासारखी असते. सुरुवातीला आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन मुलांनाच करू द्या. पाव ते तिसरा हिस्सा कमी भरला तर दचकू नका. 'मग बाकीचं गेलं कुठे?' असं कुणीतरी विचारतंच. उत्तर डब्यातल्या राखाडी चिखलात आहे. तो बोटांनी चोळून बघू द्या. मात्र बेसिनमध्ये ओतू नका, नळीत बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी काढा आणि गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. वाळून त्याची धूळ उडाली तर ती फुप्फुसांना घातक असते.